सुमित्राकाकूंचं बांबर्ग

त्या हिवाळ्यात दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी साडेतीनला मी सुमित्राकाकूंना त्यांच्या कामावर सोडायचे. काम पगाराचं नव्हतं. अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरीत एका तळ्याकाठी वृद्धनिवास आहे आणि त्यात विस्मरण झालेल्यांसाठी एक वेगळा विभाग आहे. तिथे हेडविग नावाच्या नव्वद वर्षांच्या बाई राहायच्या. त्यांच्याशी जर्मनमध्ये बोलायला काकू जायच्या. काकूंची मुलगी ज्ञानदा माझी मैत्रीण. तिला त्या वेळी ऑफिसातून निघता येत नसे आणि मी घरूनच काम करते, त्यामुळे काकूंना न्यायचं-आणायचं माझ्याकडे आलं. कंटाळा कधीच आला नाही. येताना काकू बोलायच्या आणि गाडी चालवता चालवता मी बर्फातून कुठल्या कुठे जाऊन यायचे.

काकू मूळच्या निफाडजवळच्या. वडील कांदा करायचे. पुण्याला शिकायला आल्यावर हॉस्टेलातल्या एका मुलीनं जर्मनच्या वर्गाचा फॉर्म आणला होता, तिच्या सोबतीला म्हणून यांनीही भरला. मुलगी दोन महिन्यांत वर्ग सोडून गेली, काकू टिकल्या. पुढे चिंचवडच्या एका कारखान्यात त्यांना नोकरी लागली. कारखान्यात जर्मनीहून यंत्रं यायची आणि प्रत्येक यंत्राबरोबर वीटभर जाडीचं माहितीपुस्तक यायचं. ते मराठीत आणि इंग्रजीत आणायचं, हे काकूंनी सव्वीस वर्षं केलं. फिटर जर्मनीला जाऊन आले, इंजिनियर जाऊन आले, एकदा तर स्टोअरचे गुरुनाथ शिंपीसुद्धा जाऊन आले. भाषांतर करणाऱ्या बाईला पाठवायचं कारण कुणाला सापडलं नाही. काकूंनीही ते कधी शोधून दिलं नाही.

नवरा गेल्यावर त्या ज्ञानदाकडे आल्या, त्याला आता सात वर्षं झाली. इथल्या लायब्ररीत दर बुधवारी जर्मन बोलणाऱ्यांचा एक गट जमतो हे कळल्यावर त्या तिथे जाऊन बसू लागल्या. तिथेच त्यांना कॅरन भेटली. कॅरन साठीची, शाळेतून निवृत्त झालेली. तिला जर्मनचा एक शब्द येत नव्हता. ती मदत मागायला आली होती. तिची आई हेडविग लग्न होऊन अमेरिकेत आली तेव्हा नवऱ्यानं आणि सासरच्यांनी सांगितलं होतं की घरात इंग्रजीच बोलायचं. आईनं ते इतकं पाळलं की पोरीला अंगाईसुद्धा इंग्रजीतच म्हटली. आता मात्र नव्वदीत आईची इंग्रजी एकेक शब्द करत गळून गेली होती आणि खाली जर्मन तेवढी उरली होती. मुलीला आईचं बोलणं कळत नव्हतं.

कॅरननं त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली. रोज दुपारी चार वाजले की आई कोट घालून विभागाच्या दाराशी उभी राहते आणि दार उघडा म्हणून रडते.

काकू पहिल्यांदा गेल्या तेव्हा हेडविगबाई अशाच दाराशी होत्या. निळा लोकरीचा कोट, बटणं वरखाली लागलेली, हातात पर्स. दोन परिचारिका त्यांना गोड बोलून मागे आणत होत्या. काकू पुढे झाल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे या प्रसंगाचे शब्दच नाहीत. सव्वीस वर्षं त्यांनी जर्मनमध्ये फक्त यंत्रांबद्दल वाचलं-लिहिलं होतं. रडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं हे कुठल्याच माहितीपुस्तकात नव्हतं. तेव्हा जे तोंडात होतं तेच त्या बोलल्या.

"कृपया थांबा. सुरू करण्यापूर्वी सर्व भाग आपापल्या जागी बसले आहेत याची खात्री करा."

आणि त्यांनी हेडविगबाईंच्या कोटाची बटणं काढून पुन्हा नीट लावायला घेतली.

हेडविगबाई रडायच्या थांबल्या. त्यांनी या साडी-स्वेटरातल्या बाईकडे निरखून पाहिलं आणि त्यांना हसू आलं. "तुम्ही माझ्या शिलाई मशीनच्या पुस्तकासारखं बोलता," त्या म्हणाल्या.

मग काकूंनी विचारलं, कुठे निघालात. घरी, बांबर्गला. कुठल्या गाडीनं? हा प्रश्न त्यांना किती दिवसांत कुणी विचारलाच नव्हता. सगळे 'आज नको, उद्या' एवढंच म्हणायचे. हेडविगबाईंनी पर्स दुसऱ्या हातात घेतली आणि सांगायला सुरुवात केली. आधी न्यूरेंबर्गला जायचं. तिथून गाडी बदलायची. मग फ्युर्थ, एर्लांगन, फोर्खहाइम आणि बांबर्ग.

"चला मग," काकू म्हणाल्या, आणि दोघी व्हरांड्यातून चालायला लागल्या.

तो व्हरांडा मी पाहिलेला आहे. इंग्रजी यू अक्षरासारखा, गुबगुबीत गालिचा घातलेला. एका बाजूला खोल्यांची दारं, दुसऱ्या बाजूला मोठ्या खिडक्या आणि खिडक्यांबाहेर गोठलेलं तळं. चारच्या सुमारास बर्फावरून येणारा उजेड इतका मऊ असतो की भिंती जागच्या जागी आहेत की थोड्या सरकल्यात, कळत नाही. त्या उजेडात दोघी हातात हात घालून चालायच्या आणि हेडविगबाई एकेक स्टेशन म्हणायच्या. फोर्खहाइम आलं की त्यांची पावलं भरभर पडायची.

काकूंनी स्वतःपुरता एक नियम केला होता. खोटं बोलायचं नाही. 'पोचलो' असं म्हणायचं नाही, आणि 'घरी तुमचं कुणी नाही' असंही बोलायचं नाही. फक्त वाट विचारायची. पण वाट विचारायची तर ती आपल्यालाही थोडी ठाऊक हवी. म्हणून घरी आल्यावर, पोळ्या आटोपल्या की, त्या नात अनन्याचा लॅपटॉप मागून घ्यायच्या. तेरा वर्षांच्या अनन्यानं त्यांना शिकवलं, मॅपवरच्या त्या पिवळ्या माणसाला उचलून रस्त्यावर कसं सोडायचं. मग आजी तासन्‌तास बांबर्गमध्ये. स्टेशनातून बाहेर पडून समोरचा रस्ता. सरळ गेलं तर पाण्यावरचा पूल आणि जुनं गाव. डावीकडे वळलं तर माळी लोकांची वस्ती, भाजीचे मळे, भर गावात. हेडविगबाई तिथल्याच, माळ्याची मुलगी.

"आजी, यू आर लाइक, लिव्हिंग देअर," अनन्या एकदा म्हणाली. काकूंना ते खरंच वाटलं. त्यांना त्या गावाची स्वप्नं पडायला लागली होती. स्वप्नात गाव कधी रिकामं नसे. पाण्याचा आवाज असे, धुराचा वास असे आणि निफाडच्या शाळेतल्या मुली त्या दगडी पुलावरून दप्तरं घेऊन जात असत.

जानेवारीत हेडविगबाईंनी पहिल्यांदा तो प्रश्न विचारला, ज्याची काकूंना भीती होती. व्हरांड्याच्या वळणावर थांबून त्यांनी विचारलं, "बाबा मळ्यात असतील का?"

काकू म्हणाल्या, "मला माहीत नाही. या वेळेला ते काय करत असतील?"

"कांदे तुडवत असतील," हेडविगबाई म्हणाल्या.

काकूंना आधी वाटलं आपली जर्मन कमी पडली. पण हेडविगबाईंनी करूनच दाखवलं. बांबर्गचे माळी पायाला फळ्या बांधतात आणि कांद्याच्या वाफ्यांतून चालत जातात. पात आडवी पडते, जोर खाली कांद्यात उतरतो. म्हणून आजूबाजूच्या गावांतले लोक बांबर्गवाल्यांना 'कांदेतुडवे' म्हणून चिडवतात. हे सांगत त्या गालिच्यावर पाय सपाट आपटत चालायला लागल्या.

काकूंना निफाडकडची, कांदा तयार झाला की मान पडून आडवी होणारी पात आठवली. माना पडल्याशिवाय काढणीला हात लावायचा नाही, हे त्यांच्या वडिलांचं वाक्य. त्यांनी ते जर्मनमध्ये सांगायचा प्रयत्न केला, 'मानेचा जोड सैल झाल्यावरच सुटा भाग बाहेर काढावा' असं काहीतरी. हेडविगबाईंना मात्र अगदी बरोबर समजलं. त्या दिवसापासून त्या काकूंना 'तू' म्हणायला लागल्या. आणि साडेचारच्या सुमाराला दोन म्हाताऱ्या व्हरांड्यातून कांदे तुडवत जाताना परिचारिकांना दिसायला लागल्या. रडणं संपलं नव्हतं, पण मंगळवारी आणि गुरुवारी ते नसायचं.

उन्हाळ्यात काकूंच्या धाकट्या भावाची एकसष्टी ठरली. ऑगस्टअखेरीला निफाडला जायचं होतं आणि विमान फ्रँकफर्टवरून होतं. तिकीट काढताना ज्ञानदानं सहज म्हटलं, आई, दोन दिवस थांबायचं का मध्ये? दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना काकू म्हणाल्या, "चालेल." त्यांच्या आवाजावरून कुणाला वाटलं असतं, कुणीतरी भाजी आणू का विचारलंय. पण कप भरून वाहायला लागला तरी त्या ओततच होत्या, असं ज्ञानदानं मला सांगितलं.

व्हिसाची कागदपत्रं झाली. कॅरननं आईच्या जुन्या सामानातून पत्राचं एक पाकीट शोधून काढलं, त्याच्या मागे बांबर्गच्या घराचा पत्ता होता. ठरलं असं, की काकूंनी तिथे पोचल्यावर फोन लावायचा. बांबर्गमध्ये दुपारचे चार वाजतात तेव्हा इथे सकाळचे नऊ असतात. कॅरन आईच्या खोलीत टॅब घेऊन बसेल.

विमानतळावरून बांबर्गला जायची जवळची वाट वुर्झबर्गवरून आहे. माहिती खिडकीवरच्या मुलानं काकूंना तीच सांगितली. काकूंनी न्यूरेंबर्गचं तिकीट मागितलं. त्यानं पुन्हा समजावलं की लांब पडेल. काकू म्हणाल्या, हो, लांबचंच द्या. न्यूरेंबर्गला उतरून त्यांनी मुद्दाम सगळीकडे थांबणारी गाडी घेतली. फ्युर्थ आलं. एर्लांगन आलं. सूचना देणारा आवाज नावं घ्यायचा त्याच्या आधीच काकूंचे ओठ हलायचे. समोर बसलेल्या बाईनं विचारलं, तुम्ही नेहमी येता वाटतं? काकूंनी मान हलवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना प्रश्न पडला की ही मान होकाराची होती की नकाराची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावातून हिंडल्या. हॉटेलातून नकाशा दिला होता, तो त्यांनी पर्समधून काढलाच नाही. नदीच्या मधोमध, पाण्यावर उभं असलेलं जुनं नगरभवन. त्याच्या एका बाजूला लाकडी चौकटीचं एक छोटं घर पाण्यावर लोंबकळलेलं. भिंतीवर चित्रं रंगवलेली, आणि त्यातल्या एका बाळ-देवदूताचा एक पाय खराखुरा भिंतीबाहेर आलेला. हा पाय हेडविगबाईंनी सांगितला होता आणि काकूंना वाटलं होतं की तो त्यांच्या विस्मरणाचा भाग असेल. त्या पुलावर उभ्या राहून पाहत राहिल्या. पाणी जोरात खालून जात होतं, पूल मागे मागे सरकत असल्यासारखा वाटत होता.

मग चढ. दगडी फरशीचा रस्ता, वर चार मनोऱ्यांचं कॅथेड्रल. आत एका खांबाला घोड्यावर बसलेल्या तरुणाची दगडी मूर्ती आहे, कुणाची ते आठशे वर्षांत नक्की ठरलेलं नाही. काकू तिथल्या बाकावर बसल्या आणि त्यांना डुलकी लागली. उठल्या तेव्हा उन्हाची तिरीप खांबावरून खाली आली होती. किती वेळ गेला ते त्यांनी पाहिलं नाही. पलीकडच्या टेकडीवर एक जुना मठ आहे, त्याच्या चर्चच्या छतावर शेकडो औषधी वनस्पती रंगवलेल्या आहेत. हेडविगबाईंचे वडील रविवारी मुलीला तिथे नेऊन पाठीवर झोपवायचे आणि वर पाहून नावं म्हणायला लावायचे. काकू तिथवर चढून गेल्या, पण दुरुस्तीसाठी चर्च बंद होतं. त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. बाहेरच्या कट्ट्यावर बसून त्यांनी आपल्या आपण नावं घेतली. मेथी, ओवा, गवती चहा, अडुळसा.

खाली उतरताना एका बिअरच्या दुकानापाशी चुलीवर भाजलेल्या वांग्यासारखा वास आला. इथे धुरावलेल्या बार्लीची बिअर करतात. काकूंनी वास घेतला आणि पुढे गेल्या.

चारला दहा मिनिटं कमी असताना त्या पाकिटावरच्या पत्त्यापाशी पोचल्या. ठेंगणं घर, बैलगाडी जाईल एवढं रुंद फाटक. फाटकातच भाजी विकायला ठेवली होती. गमबूट घातलेली पन्नाशीची एक बाई ती रचत होती. काकूंनी आपल्या पद्धतीनं सांगितलं: मी अमेरिकेहून आले, या घरात जन्मलेल्या एका बाईंच्या वतीनं निरीक्षण करायचं आहे, परवानगी असावी. बाई थोडी चक्रावली. मग नाव ऐकून म्हणाली की तिच्या सासऱ्यांनी हा मळा त्याच कुटुंबाकडून घेतला होता. ती काकूंना आत घेऊन गेली.

घरामागे मळा अरुंद, लांबच लांब पट्टीसारखा रेल्वेच्या दिशेला गेलेला. कांदे उपटून वाफ्यांतच वाळत घातले होते. काकू त्यांच्यात उभ्या राहिल्या आणि फोन लावला.

पडद्यावर आधी कॅरनचा चेहरा, मग हेडविगबाईंचा. त्या कुठेतरी तिसरीकडेच पाहत होत्या. काकूंनी कांदे दाखवले, फाटक दाखवलं, घराचं मागचं दार दाखवलं. काही झालं नाही. कॅरन म्हणाली, आज सकाळपासून अशीच आहे, राहू दे. तेवढ्यात मळ्याच्या टोकाला गाडी आली. स्टेशनातून नुकतीच सुटलेली, अजून वेग न घेतलेली गाडी, खडखडत.

हेडविगबाईंनी मान वळवली.

"बाबा उभे राहिले," त्या म्हणाल्या.

काकूंनी फोन कानाजवळ नेला. हेडविगबाई हळूहळू, मध्ये मध्ये थांबत बोलत होत्या. निघायच्या दिवशी बाबा म्हणाले होते, स्टेशनवर येणार नाही, कांद्याचं काम आहे. आईसुद्धा रागावली त्यांच्यावर. गाडी सुटली तेव्हा मी खिडकीतून वाकून पाहत होते. बाबा वाफ्यात होते, पायाला फळ्या बांधलेल्या. गाडी आली तसे ते ताठ उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. मी दिसेनाशी होईपर्यंत हातात धरून उभे होते. मी वॉल्टरला नाही सांगितलं. तो त्यांच्यावर चिडला होता.

वॉल्टर म्हणजे त्यांचा अमेरिकन सैनिक नवरा, कॅरनचे वडील.

"काय म्हणतेय ती?" कॅरननं इंग्रजीत विचारलं. "तुम्ही रडताय का?"

काकूंनी तिला सगळं सांगितलं. एकेक वाक्य, काही न गाळता, काही न घालता, जसं त्या आयुष्यभर करत आल्या होत्या. मग कॅरन म्हणाली, "आजोबा तिला पोचवायलासुद्धा आले नाहीत, एवढंच मला ठाऊक होतं. माझे बाबा तेच सांगायचे. म्हणून आम्ही कधी गेलोच नाही तिकडे."

हेडविगबाईंचं लक्ष आता पडद्याकडे होतं. काकूंना नीट ओळखून त्या जरा दटावणीच्या सुरात म्हणाल्या, "तू आत आलीस तर फाटक लाव ना. कोंबड्या बाहेर जातील."

मळ्यात एकही कोंबडी नव्हती. काकू गेल्या आणि फाटक लावून आल्या. गमबूटवाल्या बाईनं त्यांना दोन कांदे दिले. ते त्यांनी निफाडला नेले आणि भाऊ ते उलटसुलट करून पाहत म्हणाला, माती बरी दिसते.

ऑक्टोबरात काकू परतल्या तेव्हा हेडविगबाई बोलायच्या थांबल्या होत्या. जर्मनही गेली होती. चार वाजले तरी त्या दाराशी जात नसत, खिडकीपाशी बसून तळ्याकडे पाहत. काकू मंगळवार-गुरुवार सोडत नव्हत्या. कधी हाताला धरून व्हरांड्यात दोन फेऱ्या, कधी नुसतंच शेजारी बसणं. मी विचारलं, काकू, आता काय बोलता? त्या म्हणाल्या, "आता मराठीत बोलते. दोघींना सारखंच समजतं."

फेब्रुवारीत एका दुपारी हेडविगबाई खुर्चीतच गेल्या. कॅरन जवळ होती. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती, तिथे कॅरननं काकूंना बाजूला नेऊन विचारलं की आई व्हरांड्यात आणखी काय काय बोलायची. तेव्हापासून शनिवारी सकाळी ती काकूंकडे येते. काकू आठवून सांगतात, ती लिहून घेते. पोहे खाते. मध्येच काही शब्द जर्मनमध्ये म्हणून बघते, आणि काकू तिला सुधारतात. अनन्याही कधी कधी येऊन बसते. यंदा मेमध्ये कॅरन बांबर्गला जाणार आहे आणि काकूंनी बरोबर यावं म्हणून तिनं हट्ट धरलाय.

परवा गाडीत मी विचारलं, जाणार का? दोन दिवसांत बघून झालंय ना सगळं.

काकू खिडकीबाहेर पाहत होत्या. तळ्यावरचा बर्फ कडेनं सुटायला लागला होता, मधे काळं पाणी दिसत होतं.

"नदीकडे उतरताना दोन भिंतींच्या मधून एक बोळ जातो," त्या म्हणाल्या. "एक माणूस जेमतेम जाईल एवढा. पलीकडे कुणीतरी पेटी वाजवत होतं. मला उशीर होत होता म्हणून मी आत नाही गेले. घरी आल्यावर मॅपवर बघता आलं असतं, तो बोळ कुठे निघतो ते."

"मग?"

"नाही बघितलं," काकू म्हणाल्या.